तांबडी ओळ

महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट भाद्रपद सरता सरता पाहावा. पावसाने बिऱ्हाड आवरायला घेतलेलं असतं, पण त्याचा पाय निघत नसतो. धुकं दरीत उतरतं आणि काहीतरी विसरल्यासारखं पुन्हा वर येतं. अशा वेळी जरा रुंद जागा बघून गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावं आणि थोडा वेळ काहीच करू नये. कानांत साचलेला शहराचा गलका निवळायला पाच-सात मिनिटं लागतात. मग एकेक आवाज आपापल्या जागी येऊन बसतो. खोल दरीतून येणारी शीळकरी कस्तुराची, मध्येच सोडून दिलेली शीळ. कारवीच्या पानांवरून घसरणारं पाणी. आणि अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, कातळातून पाझरून खाली पडणारा थेंब. मग त्याच्यामागचा थेंब. आणि त्या दोन थेंबांच्या मधली जागा.

त्या मधल्या जागेबद्दलच आज बोलू या.

रस्त्यासाठी डोंगर कापला आहे तिथे त्याचं अंतरंग उघडं पडलंय. बहुतेक सारं काळं. शाळेतल्या ओल्या पाटीसारखं काळं, वर कुठे शेवाळाची हिरवी लव. पण डोळे सरावले की त्या काळ्याच्या मधून एक तांबडी ओळ आडवी गेलेली दिसते. कुठे चार बोटं रुंद, कुठे पुरुषभर उंच. वळणाआड ती दिसेनाशी होते आणि पुढच्या वळणावर आपल्यासारखीच चालत आल्यागत पुन्हा भेटते. पहिल्यांदा तिला हात लावला तेव्हा माझ्या बोटाला रंग आला, आणि तो रंग ओळखीचा निघाला. आमची आजी दिवाळीआधी तुळशीवृंदावनाला गेरू लावायची. तिच्या पेरांच्या रेघांत दोन-दोन दिवस तो रंग राहायचा. विहीर खणणारी माणसंही या ओळीला गेरूच म्हणतात. भूशास्त्राच्या पुस्तकांत तिला ‘रेड बोल’ म्हटलंय. मला आजीचा शब्द पुरतो.

काळं म्हणजे निवालेली आग. तांबडं म्हणजे दोन आगींच्या मधला काळ. सह्याद्रीची गोष्ट सांगणारे सगळे आगीपासून सुरुवात करतात आणि आगीपाशीच थांबतात. मलाही सुरुवात तिथूनच करावी लागणार, त्याला इलाज नाही. पण जीव गुंतलाय तो या तांबड्यात, हे आधीच सांगून ठेवतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ही भूमी इथे नव्हती. इथे म्हणजे पृथ्वीच्या या अक्षांशांवर. आशियाला अजून न भिडलेली, चहूबाजूंनी समुद्र असलेली, आपल्या तंद्रीत उत्तरेकडे सरकणारी ती एक भलीमोठी होडी होती. आपल्या डोक्यावरचा केस वर्षभरात वाढतो साधारण तितकीच, वीतभर, दरवर्षी पुढे. तिच्या वाटेत, खूप खोल, एक ऊन जागा होती. पृथ्वीच्या पोटात सगळा रसच खदखदतोय अशी आपली समजूत असते, पण तिथला खडक तापलेला असूनही घट्टच असतो. वरचं ओझं त्याला वितळू देत नाही. असा तापलेला खडक मेणासारखा, माणसाच्या हिशेबात न मावणाऱ्या संथपणे, वर सरकत होता. वर यावं तसं ओझं हलकं होत गेलं आणि ऊब तेवढीच असूनही तो पाझरू लागला. मनावरचा भार उतरला की मग डोळ्यांत पाणी येतं, तसं.

त्या पाझराला बाहेर पडायला डोंगराचं तोंड लागलं नाही. सह्याद्रीत हिंडताना हमखास कुणीतरी विचारतं, मग ज्वालामुखीचं विवर कुठे आहे? शंकूच्या आकाराचं शिखर, त्यातून उसळणारे लोळ, असं चित्र आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. इथे मात्र जमीन उभी उलत गेली. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात तशा भेगा, पण कोसच्या कोस लांबीच्या. शेवटी शेवटी ज्या भेगांत रस आतल्या आत थिजला, त्या आज भिंती होऊन उभ्या आहेत. धुळे-नंदुरबारच्या माळावर अशा काळ्या भिंती शेतांमधून सरळ रेषेत निघून जातात. आजूबाजूचा खडक झिजला, त्या राहिल्या. कुणी बांधल्या म्हणून विचारावं इतक्या नीटस.

आणि तो रस पसरला कसा? इथे मला घरचीच उपमा सुचते आणि ती बरीचशी खरीही आहे. तव्यावरची भाकरी आठवा. वरचा पापुद्रा आधी धरतो, आतली वाफ त्याला उचलते, भाकरी फुगते. लाव्हाचंही तसंच झालं. वरचं अंग हवेला लागून थिजलं, त्याचा पापुद्रा झाला. आत रस तापलेलाच राहिला, मागून येणाऱ्या रसाने तो पापुद्रा आतून उचलला, कडेने फोडला आणि पुढे दुसरी जीभ निघाली. अशा भाकरीवर भाकरी, थराला लागून थर. काही प्रवाह जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून इतके लांब गेले की आंध्रात राजमहेंद्रीजवळ, गोदावरीच्या मुखापाशी, त्यांचे थर सापडतात. गोदावरी आज तिथवर जाते. तिच्या आधी तिकडे आग जाऊन आली होती, असं मानतात.

या चवडीने आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूमी झाकलेली आहे. एके काळी ती याहून पुष्कळ मोठी होती. पश्चिमेला ती जाड, पूर्वेला विरत जाणारी. कोयनेच्या परिसरात भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी खोल छिद्र घेतलं तेव्हा जवळजवळ सव्वा किलोमीटरपर्यंत काळा पाषाणच लागत राहिला आणि मग एकदम त्याच्याखालचा, अब्जावधी वर्षांचा जुना, फिकट ग्रॅनाइट आला. जणू अंगणात कितीही खणलं तरी आजोबांचंच सामान निघावं आणि मग अचानक ज्याचं नावही कुणाला आठवत नाही अशा पूर्वजाचं हाड लागावं. नागपुरात सीताबर्डीच्या टेकडीपाशी ही काळी चादर जवळजवळ संपते. शहराच्या पूर्वेला वेगळाच, फार जुना खडक सुरू होतो.

स्वीडिश भाषेत पायरीला ट्रॅपा म्हणतात. त्यावरून या थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ हे नाव पडलं. कुठलाही किल्ला चढताना दमलेल्या पावलांना हे नाव न शिकताच कळतं. कडा, मग सपाटी, मग पुन्हा कडा. घट्ट थर कडा होऊन उभा राहतो, भुसभुशीत थर झिजून माची होते. माचीवर झाडी, झाडीत वाडी. पण त्या परदेशी नावापेक्षा मला दुसरी नावं जास्त गोड वाटतात. भूशास्त्रज्ञांनी या चवडीचे खालून वर जे विभाग पाडले त्यांना आपल्याच गावांची नावं दिली. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. एसटीच्या फलकावर शोभावीत अशी नावं, आणि जगभरच्या शोधनिबंधांत ती अशीच, आपल्या उच्चारांसकट, फिरत असतात. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारी गाडी तासा-दीड तासात किती हजार वर्षं चढते, याचा तिकिटावर उल्लेख नसतो.

आता तांबड्याकडे येऊ.

हा सारा लाव्हा एकदम आला नाही. बहुतेक सगळा दहा लाख वर्षांच्या आत आला आणि पृथ्वीच्या दृष्टीने ही घाईच म्हणायची. पण त्या घाईतही विराम होते. एक प्रवाह येऊन निवायचा आणि पुढचा यायला कधी शेकडो, कधी हजारो वर्षं लागायची. तेवढ्या काळात काय व्हायचं? पाऊस पडायचा. काळ्या, कोऱ्या, अजून कुणाची पावलं न उमटलेल्या खडकावर पाऊस पडायचा. खडकातलं लोखंड हवेशी बोलू लागायचं आणि तांबूस व्हायचं. वाऱ्यावर राख यायची, ती सांदीत बसायची. खडकाची माती व्हायची, बोटभर, वीतभर. त्या मातीत कुठलंसं बी. कुठलंसं मूळ. सगळं उजाड झालेल्या जागी कुणीतरी पुन्हा घर मांडायचं.

आणि मग पुन्हा भेग उलायची. नवा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरायचा आणि वीट भाजावी तशी ती भाजून निघायची. आपल्या बोटाला लागतो तो हा रंग. एका निवांत काळाची भाजलेली, मिटलेली, पण मिटताना अधिकच लाल झालेली खूण.

घाटातल्या त्या ओळीवर मी अनेकदा कान ठेवून पाहिलाय. वेडेपणाच तो. ऐकू अर्थातच काही येत नाही. पण सगळ्याच विरामांतली माणसं, म्हणजे जीव, काही पुरते पुसले गेले नाहीत. जिथे दोन प्रवाहांच्या मध्ये तळी साचली होती तिथे गाळात त्यांचे ठसे राहिले. मुंबईत वरळीच्या टेकडीखाली, काळ्या पाषाणाच्या आसऱ्याने असलेल्या गाळाच्या थरात, बेडूक सापडले. इवलेसे बेडूक. इंग्लंडमधले जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि नाव देताना ‘इवला’ अशाच अर्थाचा लॅटिन शब्द निवडला. ज्या वरळीच्या रस्त्यावर आज वाहनांच्या रांगा हलत नाहीत, तिथे एका उथळ तळ्याच्या काठी, दोन आगींच्या मध्ये, पावसाळी रात्री हे इवले जीव डरांव डरांव करत असणार. आधीची आग त्यांना ठाऊक नव्हती. पुढची आग त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना पाऊस ठाऊक होता.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे एक स्कॉटिश मिशनरी होते. शाळा चालवायची, गोंडांच्या कथा टिपायच्या आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचे, असा त्यांचा दिनक्रम. नागपूरजवळच्या टाकळीला त्यांना असाच मधला थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळं, बिया. १८६३ साली नदी ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या पावलांवर पुढे अनेक जण आले. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी मध्य भारतातल्या या मधल्या थरांतल्या वनस्पतींचा ध्यास घेतला. छिंदवाड्याजवळच्या मोहगावकलाँच्या दगडांत ताडकुळातली झाडं निघाली, खाऱ्या पाण्याच्या काठी वाढणाऱ्या निपा पामचं फळ निघालं. आज समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या त्या मुलखात कधीतरी खाडीचा खारा वास येत असला पाहिजे.

या चवडीच्या तळाशी, पहिला लाव्हा येण्याआधीच्या गाळात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला आणखी एक साधी गोष्ट सापडली. डायनोसॉरचं दगड झालेलं शेण. २००५ मध्ये संशोधकांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा त्यात गवताच्या पेशींतले सिलिकेचे कण दिसले. डायनोसॉरच्या काळी गवत होतं याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर मिळाला नव्हता. पुढे ज्याच्यापासून ज्वारी होणार, भात होणार, ऊस होणार, त्या कुळाची चाहूल अशी एका अजस्र प्राण्याच्या शेणात मिळावी! शेणाने सारवलेल्या भुईवर बसून भाकरी खाल्लेल्या आपल्या लोकांना यात काही विचित्र वाटायचं कारण नाही.

डायनोसॉर गेले त्याचा दोष याच लाव्हाला द्यायचा की मेक्सिकोत येऊन आदळलेल्या अशनीला, हा वाद जुना आहे. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच सुमाराला घडल्या. अशनीचं पारडं आज जड आहे, पण भेगांतून निघालेल्या वायूंनी हवा आधीपासूनच बिघडवली होती असं म्हणणारेही आहेत. मला या वादात फार रस नाही. कोण मेलं हे आपण फार विचारतो. कोण पुन्हा उगवलं, हे तांबड्या ओळीला विचारावं लागतं.

काळ्या पाषाणावर मी अन्याय करतोय का? थोडासा. कारण त्याच्याजवळही एक हळवी गोष्ट आहे. तापलेल्या रसात लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. रस निवताना ते त्या घटकेच्या पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करतात आणि तसेच थिजतात. मग भूमी कुठेही सरको, ते आपली पहिली दिशा सोडत नाहीत. १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांतली ही थिजलेली दिशा मोजली गेली आणि त्यातून निघालेलं उत्तर चक्रावणारं होतं. हे दगड निवाले तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होते, सुमारे ३० अंशांवर. खंड सरकतात ही गोष्ट अजून पुष्कळांना पटलेली नव्हती, त्या काळात ही साक्ष मोलाची ठरली. म्हणजे ज्याला आपण अढळपणाचं प्रतीक मानतो, तो सह्याद्रीचा कातळ परगावहून आलेला आहे आणि सासुरवाशिणीसारखी मनात माहेरची दिशा धरून उभा आहे.

ते माहेर अजून तिथेच आहे. होडी पुढे गेली, खालची ऊन जागा मागे राहिली आणि वरून सरकणाऱ्या भूमीवर, समुद्रतळावर आपल्या खुणा उमटवत गेली. लक्षद्वीपची, मालदीवची, छागोसची पायाभरणी तिनेच केली. मग मॉरिशस. आणि आज ती रेयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागांतली माणसं गिरमिटे म्हणून जहाजात बसून मॉरिशसला गेली. उसाच्या शेतातले काळे दगड उचलून त्यांनी बांधावर रचले, आणि त्या दगडांच्या मुलखात त्यांच्या नातवंडा-पणतवंडांनी मराठी जपली. सह्याद्री ज्या चुलीवर शिजला त्याच चुलीवरचा तो दगड होता. आपली माणसं परक्या देशात गेली असं आपण म्हणतो. मुलखाच्या दृष्टीने ती उगमाकडे गेली होती.

आग विझल्यावर या भूमीची पश्चिमेची बाजू तुटली. आजची सेशेल्स बेटं तेव्हा आपल्या किनाऱ्याला चिकटलेली होती, ती दूर गेली. मागे राहिलेल्या काठाची झीज होत होत कडा पूर्वेकडे सरकला. तोच आज कोकणाच्या अंगाला भिंतीसारखा उभा दिसतो. उरलेली भूमी पूर्वेकडे कलती राहिली. म्हणून तर जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातून निघालेली कृष्णा, जवळचा अरबी समुद्र पाठीशी टाकून, सुमारे १,४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. आपण उभे आहोत तो घाट मात्र तिच्या बहिणीचा, सावित्रीचा. तिने कड्यावरून उडी घेतली आणि पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत समुद्र गाठला. एका उंबऱ्यावरून दोघी निघाल्या, दोन समुद्रांना मिळाल्या.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर विहीर खणणाऱ्यांकडे जाऊ. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली मांजऱ्या, मग काळा पाषाण, असा त्यांचा पाढा असतो. मांजऱ्या म्हणजे फोडाफोडांचा खडक. लाव्हातली वाफ आणि वायू बाहेर पडता पडता अडकले, त्यांचे बुडबुडे तसेच राहिले, फुगून राहिलेल्या श्वासासारखे. पुढे युगानुयुगं कोमट पाणी त्या पोकळ्यांतून हिंडत राहिलं. खडकातलं थोडं कॅल्शियम, थोडं सिलिका, थोडं ॲल्युमिनियम आपल्यात विरघळवून घ्यायचं आणि अंधारात, कुणी पाहणारं नसताना, भिंतीवर ठेवून द्यायचं. अशी स्फटिकांची घरं तयार झाली. स्टिलबाइटची जुड्यांसारखी पाती, स्कोलेसाइटच्या सुयांचे झुबके, अपोफिलाइटचे पाण्यासारखे नितळ मनोरे. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हॅनसाइट नावाचे निळे स्फटिक निघतात. पांढऱ्या स्टिलबाइटवर बसलेला तो निळा ठिपका पाहिला की वाटतं, गोकर्णाचं फूल चुकून दगडात उमललं. यांतल्या बऱ्याच खनिजांचं कूळ झिओलाइटचं. त्यांच्या जाळीत पाणी राहतं. तापवलं की ते पाणी सोडतात, म्हणून युरोपात कुणीतरी त्यांचं नाव ‘उकळणारा दगड’ असं ठेवलं. आगीतून जन्मलेल्या दगडाने पोटात पाणी सांभाळून ठेवलंय, हे मला कुठल्याही कवितेपेक्षा अधिक वाटतं.

वरच्या अंगाला मात्र काम वेगळं चालू असतं. उघड्या कातळावर पहिला येतो तो दगडफुलाचा राखी ठिपका. बुरशी आणि शैवाल यांचा हा संसार. एकीने घर द्यायचं, दुसऱ्याने उन्हातून अन्न रांधायचं. दोघं मिळून खडकाला इतकं सावकाश खातात की खडकालाही कळू नये. गोड्या मसाल्यात पडणारं दगडफूल याच गोतावळ्यातलं. मग शेवाळ, मग सोनकीचं पिवळं हसू, मग कारवी, जी सात-आठ वर्षं मुकी राहून एका वर्षी सगळी डोंगरउतरण जांभळी करते आणि मरून जाते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा विरामात झालेलं काम असंच, याच क्रमाने नसेल पण याच निष्ठेने, चाललं असणार.

साताऱ्यावरच्या कास पठारावर हे काम फार बारकाईने दिसतं. तिथे काळ्या पाषाणाचाच जांभा झालाय. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. वर माती वीतभरही नाही, आणि जी आहे ती उपाशी. या उपासावर हजारो फुलं उभी राहतात. सीतेची आसवं म्हणून जिला आपण हाक मारतो ती निळी नाजूक वनस्पती मातीत न मिळणारं नत्र मिळवायला मुळांपाशी इवल्या पिशव्या बांधून सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू आपल्या पानांवरच्या चिकट थेंबांनी माश्या धरतो. डबक्यांत वायतुरा वर येतो, दोन फांद्या फुटलेला, सातारच्या नावाचा. त्यांच्यावर येणाऱ्या मधमाश्या, त्यांच्यावर टपलेले कोळी, त्या डबक्यांत महिना-दीड महिन्यात पाण्यातलं आयुष्य उरकणारी बेडकांची पिल्लं. सगळ्यांचा हिशेब शेवटी खालच्या दगडाने किती दिलं आणि किती नाकारलं यावर. नाकारणंही देणंच असतं, हे त्या पठारावर गुडघे टेकून बसल्याशिवाय पटत नाही.

पुन्हा घाटात येऊ. थेंब अजून पडतोय.

तो नेमका इथेच का पडतो? वर महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्यातलं काही पाणी जांभ्यातून, मुरमातून, मांजऱ्याच्या फोडांमधून, घट्ट पाषाणाच्या चिरांतून वाट काढत खाली उतरतं. उतरता उतरता त्याला तांबडी ओळ लागते. ती चिकणमातीची, दाट. ती त्याला सहजासहजी खाली जाऊ देत नाही. मग पाणी तिच्या पाठीवरून आडवं सरकतं आणि जिथे डोंगर कापलेला असतो तिथे बाहेर येतं. डोंगरउतारावरचे कितीतरी झरे असे गेरूच्या डोक्यावर आहेत. त्यांच्याखाली झाडीचा हिरवा पट्टा धरतो, गुरं पाण्याला येतात, एखादी वाडी वसते. भूशास्त्र कुणी शिकलेलं नसतं, पण हंडा घेऊन गेलेल्या पावलांना ती ओळ पिढ्यान्‌पिढ्या पाठ असते.

हीच ओळ भिजून मऊ पडली की वरचा भार सरकतो आणि दरड येते, हेही खरं. जिने सांभाळलं तीच कधी हात सोडते. डोंगराला त्यात क्रूरता दिसत नसावी. मात्र आपण रस्ते रुंद करताना तिचे पाय उघडे टाकतो, तेव्हा तिला विचारायला हवं होतं असं वाटून जातं.

कधीतरी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, एका प्रवाहानंतर आणि दुसऱ्या प्रवाहाआधी, आकाश स्वच्छ झालं होतं. पाऊस आला होता. खडकाची माती झाली होती. त्या विरामात पडलेल्या पावसाने जी माती केली, ती माती आज या पावसाचं पाणी अडवून आपल्यापर्यंत आणतेय. मधलं सारं अंतर एका बोटाच्या रुंदीचं.

कधी या वाटेने गेलात तर पोलादपूरकडे उतरताना तांबडी ओळ शोधा. तिच्या अगदी वर, शेवाळाच्या टोकाला, पाणी जमताना दिसेल. ओंजळ धरून उभे राहा. भरायला वेळ लागेल. मागची वाहनं हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. पाणी फार गार आहे.